मृत्यूंची गणना आणि छेदाचा प्रश्न

रोगाने किती माणसे मेली, हा प्रश्न माणसाने फार पूर्वीपासून विचारला. किती माणसांपैकी मेली, आणि तेवढ्याच काळात तशाच दुसऱ्या माणसांपैकी किती मेली, हे पुढचे दोन प्रश्न मात्र तो नेमाने विचारू लागला त्याला जेमतेम साडेतीनशे वर्षे झाली आहेत. साथरोगशास्त्र आणि जीवसांख्यिकी ही जोडशास्त्रे याच दोन प्रश्नांतून उभी राहिली. माणसांच्या समूहात कोणता रोग कोणाला, कुठे, केव्हा आणि कशामुळे होतो याचा शोध घेते ते साथरोगशास्त्र. त्यात पटकी आणि प्लेग यांच्याइतकेच हृदयविकार, अपघात, कुपोषण आणि आत्महत्या हेही विषय येतात. या शोधासाठी गोळा केलेल्या आकड्यांवरून कोणते अनुमान काढता येते आणि त्यावर कितपत विसंबता येते, हे सांगणारी संख्याशास्त्राची शाखा म्हणजे जीवसांख्यिकी. शाळेतल्या अपूर्णांकात वरच्या संख्येला अंश आणि खालच्या संख्येला छेद म्हणतात. रोगी आणि मृत हे इथे अंश असतात, आणि ज्या लोकसंख्येतून ते आले ती छेद असते. अंश डोळ्यांना दिसतो, मनाला भिडतो आणि वर्तमानपत्रात छापून येतो. छेद मात्र मुद्दाम शोधावा लागतो, आणि या शास्त्रांचा बराचसा इतिहास हा छेद शोधण्याच्या खटपटीचाच आहे.

या खटपटीचा आरंभ लंडनमधील जॉन ग्रॉन्ट या व्यापाऱ्यापासून धरला जातो. प्लेगच्या धास्तीने त्या शहरात दर आठवड्याला मृत्युपत्रके छापली जात, आणि कोणत्या वस्तीत किती माणसे कशाने मेली हे त्यांत दिलेले असे. लोक ती चाळत, गावगप्पांपुरती वापरत आणि टाकून देत. ग्रॉन्टने अनेक दशकांची पत्रके एकत्र मांडली आणि १६६२ मध्ये त्यावरचे आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मुलींपेक्षा मुलगे किंचित अधिक संख्येने जन्मतात, शहरात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात आणि तरीही खेड्यांतून येणाऱ्यांमुळे शहर वाढत राहते, अशा गोष्टी त्याने केवळ आकड्यांवरून दाखवल्या. जन्माला येणाऱ्या शंभरांपैकी छत्तीस जण वयाची सहा वर्षे पुरी होण्याआधीच मरतात असा त्याचा अंदाज होता, आणि कोणत्या वयापर्यंत किती जण उरतात याचा त्याने मांडलेला तक्ता हा पुढच्या काळातील आयुर्मान-सारण्यांचा पूर्वज ठरला. लंडनची वस्ती कित्येक दशलक्षांची आहे अशी लोकांची समजूत असताना ती चार लाखांच्याही आत असल्याचे त्याने हिशेबाने दाखवले, म्हणजे छेदच नव्याने मोजला. याहून मोलाची गोष्ट अशी की आपल्या आकड्यांवर त्याने आंधळा विश्वास ठेवला नाही. मृत्यूचे कारण ठरवायला घरोघर जाणाऱ्या स्त्रिया थोड्या पैशांच्या मोबदल्यात उपदंशासारख्या लाजिरवाण्या रोगाचा मृत्यू क्षयाच्या नावावर टाकत असाव्यात, ही शंका त्याने ग्रंथातच नोंदवली. नोंदीत शिरलेल्या अशा एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकीला पूर्वग्रह किंवा कल म्हणतात, आणि नोंदी कितीही वाढवल्या तरी ती चूक कमी होत नाही.

छेद घेऊन जो आकडा मिळतो तो दर, आणि दरांचेही प्रकार आहेत. ठरावीक काळात निरोगी लोकांपैकी किती जणांना रोग नव्याने झाला हे सांगणारा तो नवरुग्णदर. एखाद्या दिवशी समाजात एकूण किती जण त्या रोगासह जगत आहेत हे सांगणारे ते रुग्णप्रमाण. या दोहोंची गल्लत झाली की चांगली बातमीही वाईट वाटू लागते. इन्शुलिन उपलब्ध झाल्यावर मधुमेही माणसे अधिक वर्षे जगू लागली, आणि त्यामुळे नवे रुग्ण तितकेच राहूनही रुग्णप्रमाण वाढणे अपरिहार्य होते. मृत्युदराचीही अशीच गोष्ट आहे. अलीकडच्या वर्षांत केरळचा ढोबळ मृत्युदर, म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला होणारे मृत्यू, बिहारपेक्षा जास्त आहे, आणि तरीही केरळमधील माणसाचे सरासरी आयुर्मान देशात वरच्या क्रमांकाचे आहे. यात विसंगती काही नाही; केरळमध्ये म्हाताऱ्यांचा वाटा मोठा आहे आणि म्हातारी माणसे तरुणांपेक्षा अधिक मरतात. म्हणून दोन प्रदेशांची तुलना करताना दोन्हीकडची वयोरचना सारखी असती तर काय झाले असते असा हिशेब करावा लागतो, त्याला वयप्रमाणित दर म्हणतात. हा हिशेब न करता राज्याराज्यांची क्रमवारी लावणे हा वाचकांवर अन्यायच होय.

इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्म-मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली आणि त्या नोंदणी कार्यालयात विल्यम फार या डॉक्टरने पुढे सुमारे चाळीस वर्षे काम केले. मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण, व्यवसायानुसार मृत्युदर, साथीच्या चढ-उताराचे गणित, अशी या शास्त्राची निम्मी हत्यारे त्याने घडवली. इतक्या काळजीपूर्वक काम करणारा माणूसही कसा फसतो हे त्याच्याच एका निष्कर्षावरून कळते. १८४९ च्या पटकीच्या साथीचे आकडे मांडताना त्याला दिसले की थेम्स नदीच्या पातळीपासून जागा जितकी उंच तितका मृत्युदर कमी: वीस फुटांहून कमी उंचीवर दर दहा हजारांमागे १०२ मृत्यू, तर ऐंशी ते शंभर फुटांच्या पट्ट्यात अवघे २२. सडक्या घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेमुळे पटकी होते हे त्या काळचे सर्वमान्य मत फारलाही मान्य होते, आणि सखल जागी ती हवा दाट असणार हे उघड होते, त्यामुळे उंची आणि मृत्यू यांचे नाते एका सूत्रातही बसवता आले. आकडे खरे होते, सूत्रही नीट बसत होते, निष्कर्ष मात्र चुकीचा होता. सखल भागातील लोक नदीच्या खालच्या, मैल्याने भरलेल्या प्रवाहातून उपसलेले पाणी पीत होते. उंची ही त्या पाण्याची केवळ सोबतीण होती. कारण वाटणारी गोष्ट आणि परिणाम या दोहोंशीही जोडलेल्या, आणि म्हणून दिशाभूल करणाऱ्या अशा तिसऱ्या गोष्टीला, म्हणजे इथे पाण्याला, संभ्रमकारक घटक म्हणतात. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे सगळेच म्हणतात. पण इतक्या सुबक आलेखापुढे ते आठवणे फार कठीण असते.

ही गाठ जॉन स्नो या लंडनमधील डॉक्टरने सोडवली. पटकी पाण्यातून पसरते हे मत त्याने १८४९ मध्येच मांडले होते. त्याचे नाव निघाले की १८५४ च्या ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाची हकिकत सांगितली जाते: परिसरात दहा दिवसांत पाचशेवर बळी गेले, स्नोने मृतांची घरे नकाशावर मांडली आणि त्याच्या आग्रहावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. ही हकिकत खरी आहे, पण दांडा निघाला तोवर साथ ओसरू लागली होती, हे स्नोने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यामुळे पुरावा म्हणून तिचे वजन तिच्या प्रसिद्धीइतके नाही. त्याचे खरे थोर काम त्याच वर्षी दक्षिण लंडनमध्ये झाले. तिथे दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून जात, शेजारच्या दोन घरांना वेगवेगळ्या कंपन्यांचे पाणी असे, आणि श्रीमंत-गरीब, लहान-मोठी अशी सगळी घरे दोन्हीकडे मिसळलेली होती. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा शहराच्या वर, स्वच्छ प्रवाहात हलवला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातल्याच घाण पाण्यावर चालत होती. हवा तीच, जमिनीची उंची तीच, माणसेही तशीच, आणि फरक फक्त पाण्याचा. तीन लाखांवर लोक नकळत एका प्रचंड प्रयोगाचे भागीदार झाले होते.

आता अडचण उरली ती घरोघरचे पाणी कोणाचे हे ओळखण्याची, कारण भाडेकरूंना कंपनीचे नाव बहुधा ठाऊक नसे. पाणीपट्टी घरमालक भरत असे. स्नो मृत्यू झालेल्या घरी जाऊन कुपीत पाणी घेई आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकून पाही. खालच्या उपशाच्या पाण्यात भरतीबरोबर आलेले आणि मैल्यातले मीठ दुसऱ्याच्या सुमारे चाळीसपट असल्यामुळे ते ताबडतोब पांढरेफटक होई, आणि लॅम्बेथच्या पाण्यात जेमतेम धूसरपणा येई. एवढी पायपीट झाल्यावर अंश तयार झाला. छेद म्हणून त्याने प्रत्येक कंपनीच्या घरांची अधिकृत संख्या घेतली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले होते, तर लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५ आणि दुसरीकडे ३७. एका गटातील दराला दुसऱ्या गटातील दराने भागून येणाऱ्या संख्येला सापेक्ष जोखीम म्हणतात, आणि ती इथे साडेआठपट भरते. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख याने इजिप्त आणि कोलकाता येथे १८८३-८४ मध्ये निश्चित केला, तेव्हा स्नोला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. रोगाचा जंतू अज्ञात असतानाही त्याची वाट अडवता येते, ही या शास्त्राची सर्वांत दिलासा देणारी शिकवण इथून मिळाली. फारनेही पुढे १८६६ च्या साथीच्या वेळी पाण्याचा सिद्धांत स्वीकारला.

सारख्या गटांच्या तुलनेच्या या विचाराची भारतातील एक कसोटी प्लेगच्या काळात लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि काही महिन्यांतच ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका छोट्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावरची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. तुरुंगातले निकाल आशादायक होते, पण त्यात एक फट होती: आपण होऊन पुढे येणारा माणूस मागे राहणाऱ्यापेक्षा प्रकृतीने किंवा वागणुकीने वेगळा असू शकतो. गावोगाव लस देताना तर ही फट आणखी रुंदावते, कारण टोचून घेणारे बहुधा शिकलेले, बऱ्या घरांत राहणारे आणि साथ येताच स्थलांतर करू शकणारे असत.

ही फट बुजवण्याचा प्रयत्न बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात, राजधानीपासून जवळच असलेल्या उंडेरा गावी झाला. तिथे १२ फेब्रुवारी १८९८ रोजी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस टोचली गेली आणि निम्म्यांना नाही. घर, उंदीर, अन्न, गरिबी हे सगळे दोघांना समान झाले. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग शिरला. त्या कुटुंबांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना लागण झाली आणि २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना लागण झाली आणि ३ दगावले. या चार ओळींच्या हिशेबात साथरोगशास्त्राच्या बहुतेक मूलभूत संकल्पना सापडतात. लागण झालेल्यांना एकूण माणसांनी भागले की लागणदर मिळतो: न टोचलेल्यांत ४२ टक्के, टोचलेल्यांत ११ टक्के. मृतांना रुग्णांनी भागले की रुग्णमृत्युदर मिळतो, आणि तो एकीकडे ९६ टक्के तर दुसरीकडे साडेसदतीस टक्के आहे. म्हणजे लस घेऊनही ज्यांना लागण झाली त्यांच्यातही ती सौम्य असावी असे दिसते. मृतांना एकूण माणसांनी भागले तर ४१ विरुद्ध ४ टक्के, म्हणजे मृत्यूची जोखीम जवळजवळ एकदशांश, आणि लशीची परिणामकारकता सुमारे नव्वद टक्के. हे वाचताना त्या सव्वीस माणसांचा विसर पडू नये. ती कोणाचे तरी आईबाप आणि लेकरे होती, एकाच छपराखाली राहत होती, आणि कोणाला टोचायचे हा निर्णय त्यांच्या हातात फारसा नव्हता. आज अशी चाचणी आधी समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

एक शंका तरीही उरते. ३ आणि २६ हे आकडे लहान आहेत. लस निरुपयोगी असूनही केवळ योगायोगाने असा फरक पडला असेल काय? हा प्रश्न काटेकोरपणे मांडण्याचे साधन त्या वेळी तयारच होत होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये काय-वर्ग चाचणी दिली, आणि रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात शेतीवरील प्रयोगांतून तिला व्यापक चौकट दिली. लशीचा काहीच परिणाम नाही असे क्षणभर धरून चालायचे, मग इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता काढायची; ती फार कमी निघाली तर गृहीतच टाकून द्यायचे, अशी ही रीत आहे. उंडेऱ्याच्या आकड्यांना ती लावली तर ही शक्यता लाखात एकाहूनही कितीतरी कमी येते. मात्र योगायोग वगळला म्हणजे नेमका परिणाम कळला असे नव्हे. आजच्या पद्धतीने हिशेब केला तर नव्वद टक्के परिणामकारकतेभोवतीची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असावा असे मानता येते तो टप्पा, साधारण ६७ ते ९७ टक्के इतका रुंद येतो. एकच आकडा छापून टप्पा गाळण्याची सवय आजही वर्तमानपत्रांत सर्रास दिसते.

कोणाला उपचार द्यायचा हे माणसाने न ठरवता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने ठरवावे, म्हणजे ज्ञात आणि अज्ञात असे सगळेच संभ्रमकारक घटक दोन्ही गटांत सारखे विखुरतात, हा फिशर यांचा विचार ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी वैद्यकात आणला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध इतके तुटपुंजे होते की सर्व क्षयरुग्णांना ते देणे शक्यच नव्हते. मग बंद लिफाफ्यांतल्या क्रमानुसार ५५ जणांना औषध आणि ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्यातील १४ रुग्ण दगावले. १९४८ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले आणि औषधांच्या चाचणीचा तो नमुना ठरला.

प्रत्येक प्रश्नाला चिठ्ठी चालत नाही. कोणाला सिगारेट ओढायला लावून कर्करोग होतो का हे पाहता येणार नाही, म्हणून रिचर्ड डॉल आणि हिल उलट बाजूने निघाले. फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष रुग्ण आणि दुसऱ्या आजारांचे तितकेच रुग्ण घेऊन त्यांनी पूर्वीच्या सवयी विचारल्या; कधीच धूम्रपान न केलेले पहिल्या गटात २ आणि दुसऱ्या गटात २७ निघाले. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाच्या प्रकाराला रुग्ण-तुलना अभ्यास म्हणतात. तो स्वस्त आणि वेगवान असतो, पण त्यात लोकसंख्येचा छेद नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष दर मिळत नाही आणि आजारी माणसाची आठवण निरोग्याहून वेगळी असण्याचा धोकाही राहतो. म्हणून त्यांनी लगेच ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयी नोंदवून वर्षानुवर्षे त्यांचे मृत्यू मोजत राहण्याचा समूह-अभ्यास सुरू केला, आणि तो अनेक दशके चालला.

महाराष्ट्रात छेदाचा हा प्रश्न सर्वांत चिकाटीने गडचिरोलीत हाताळला गेला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांच्या मृत्यूचा अभ्यास करताना ३९ गावांत उपचार आणि ४७ गावांत केवळ नोंदी, अशी मांडणी केली. गावातल्याच, थोडे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले गेले. त्या बाळंतपणाला हजर राहत, बाळाचे वजन करत, त्याला ऊब देत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकही देत. उपचाराच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला, तर दुसऱ्या गावांत तो जवळजवळ होता तिथेच राहिला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापले. गावांची विभागणी चिठ्ठीने झालेली नव्हती, हे या अभ्यासाचे उणेपण सांगितलेच पाहिजे. पण आधीचे दर दोन्हीकडे जवळपास सारखे होते आणि फरकही मोठा होता.

या अभ्यासाचा पाया होता तो नोंदींचा. घरी जन्मून दोन-तीन दिवसांत मेलेले बाळ ग्रामसेवकाच्या नोंदवहीत पुष्कळदा येतच नाही. त्याचे नाव ठेवलेले नसते, दाखल्याची कोणाला गरज नसते. असे बाळ मृत्यूंच्या आकड्यातून गळते तसे जन्मांच्या आकड्यातूनही गळते, अंश आणि छेद दोन्ही खोटे होतात आणि कागदावरचा दर मात्र दिलासा देणारा दिसतो. यावर उपाय म्हणजे मृत्यूपासून मागे न जाता गरोदरपणापासून पुढे येणे: गावातल्या प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंद आधी करायची, मग त्या यादीतील प्रत्येक नावापुढे बाळ जिवंत जन्मले की नाही आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ते जगले होते की नाही हे लिहायचे. २०११ पासून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे आले आहे, आणि त्यांचेही काम गरोदर स्त्रियांच्या यादीपासूनच सुरू होते.